देवमाशाचं हळदीकुंकू

माझ्या तोंडातल्या बत्तीसही दातांची शपथ, चार खऱ्यांची आणि अठ्ठावीस खोट्यांची, की मी आता सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर पुढच्या पोंगलला माझ्या हातचा भात करपो. तरीही विश्वास बसत नसेल तर साताऱ्याला सुनेत्राबाईंना फोन लावा. त्या तीस वर्षं शाळेत हेडबाई होत्या. बाकीच्या बायका पाल बघून जसं करतात तसं त्या खोटं ऐकून करतात. फक्त ओरडत नाहीत, चप्पल काढतात.

मी अलमेलू. वय एकोणऐंशी, मुक्काम चेन्नईतलं वेलचेरी, पहिला मजला. आम्ही तंजावरचे मराठी. आमचे पूर्वज राजांच्या मागोमाग इकडे आले, दहीभात खाल्ला, आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलतो, भांडतो तमिळमध्ये, आणि लिफ्टमध्ये कुणी भेटलं की इंग्रजीत हसतो.

माझी नात लावण्या शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. तिथेच साताऱ्याचा अथर्व. कँटीनमध्ये हा पोरगा एकटाच बसून सांबारात पोळी बुडवून खात होता, ते बघून हिला दया आली. दयेवरून सुरुवात झाली की पुढचं आपोआप होतं. माझं लग्नही असंच झालं, पण ते असो.

मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, अथर्वचे आईवडील आमच्याकडे आले. मुलगी त्यांनी व्हिडिओवर बघितलेली होती. आता घर बघायचं होतं. सुनेत्राबाई दारातून आत आल्या आणि आधी भिंतीवरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघितलं. मागून माधवराव आले. ते शेवटचं कधी बोलले होते ते साताऱ्यात कुणाला आठवत नाही.

"या विहीणबाई," मी म्हटलं.

"अजून नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "आजी, हे तुमच्यासाठी." आणि माझ्या हातात एक ब्लाउजपीस ठेवला. अंजिरी रंग, बारीक जरीचा काठ. "खास तुमच्यासाठी हो. पेठेत तासभर निवडत होते."

"अगंबाई, काय रंग आहे! उद्याच शिंप्याकडे टाकते. पोंगलला हाच घालणार."

असं म्हणून मी तो पिशवीत टाकला. कुठल्या पिशवीत, ते पुढे कळेलच.

जेवायला बसलो. सून विद्यालक्ष्मीने डांगर केलं होतं, आंबट सांबार केलं होतं, माधवराव मान खाली घालून तिसऱ्यांदा वाढून घेत होते. सगळं छान चाललं होतं. एवढ्यात सुनेत्राबाईंनी विचारलं, "इकडे पाणी फार भरतं म्हणे?"

माझा मुलगा राघोत्तम टेबलाखालून मला पायाने ढोसायला लागला. त्याला वाटलं मी खरं सांगेन. बिचारा, साठीला आला तरी आईला ओळखत नाही.

"भरतं की," मी म्हटलं. "त्या मोठ्या पुरात तर या बाल्कनीच्या कठड्याला पाणी लागलं होतं. तेव्हाच ती आली होती."

"कोण ती?"

"देवमासा. शब्द पुरुषी आहे, पण ती बाई होती. समुद्र वेलचेरीपर्यंत आला, तशी तीही आली. वाट चुकली होती. बाल्कनीपाशी येऊन उभी राहिली. घरात काय होतं? दहीभात. मी इथून, या हाताने, तिला सहा घास भरवले. मिरची काढून. तेव्हापासून आमची ओळख आहे. दर मार्गळीत मी कोवळमला बोटीतून जाते, आणि ती मला भेटायला येते."

अथर्व खूश झाला. माधवरावांनी चौथ्यांदा ताट पुढे केलं. सुनेत्राबाईंनी मात्र हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"आजी, तुम्ही वयाने मोठ्या आहात. म्हणून एकदाच विचारते. ही थाप आहे ना? हो म्हणा, मी हसते, आपण विसरून जाऊ. पण खरं म्हणत असाल तर ते खरंच असायला हवं. जिथे जेवणाच्या टेबलावर इतक्या सहज खोटं बोलतात, तिथे मुलीचं वय, पत्रिका, सगळंच मला परत तपासावं लागेल. आणि खरं सांगू? तपासत बसण्यापेक्षा मी मुलाला दुसरं घर बघेन."

लावण्या माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं: आजी, हो म्हण. एक शब्द. थाप आहे म्हण.

आता तुम्हीच सांगा. एकोणऐंशी वर्षांत मी एकही गोष्ट मागे घेतलेली नाही. ती सवय त्या दिवशी कुठून लागणार?

"खरं आहे," मी म्हटलं. "रविवारी चला. दाखवते."

"देवमासा आला तर रविवारीच सुपारी फोडू," सुनेत्राबाई म्हणाल्या. "नाही आला तर चारच्या विमानाने आम्ही तिघं जातो. अथर्वची बदली पुण्याला मागता येते."

झोपताना लावण्या एवढंच म्हणाली, "आजी, त्या पुरात तू बाल्कनीतून बघितलीस ती समोरच्या बिल्डिंगची पाण्याची काळी टाकी होती. वाहत आलेली."

टाकी असेलही. मी कुठे नाही म्हणते. पण टाकी दहीभात खाते का?

रविवारी पहाटे कोवळमला पोचलो. हे महाबलीपुरमच्या अलीकडचं आपलं कोवळम. राघोत्तम आला नाही, त्याला ओली फरशी बघूनही गरगरतं; विद्यालक्ष्मी त्याच्याजवळ थांबली. चोवीस डिग्री थंडी होती. सगळ्या कोळ्यांनी कानटोप्या घातल्या होत्या, मी दोन शाली घेतल्या होत्या. सुनेत्राबाईंनी पंख्यासारखा पदर हलवत विचारलं, "याला तुम्ही थंडी म्हणता?"

बोट चालवायला व्यंकटेश, आणि समुद्राची माहिती सांगायला जननी. जननी म्हणजे चोवीस वर्षांची, काडीसारखी पोरगी. गळ्यात दुर्बीण, हातात नियमांचं पुस्तक. तिने आम्हा सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली. माझ्या नऊवारीवर ते जाकीट बसेना, तेव्हा व्यंकटेशने मला दोरीने बांधलं. मी लग्नाच्या रुखवतातल्या लाडवाच्या डब्यासारखी दिसत होते.

"नियम ऐका," जननी म्हणाली. "समुद्रात काहीही टाकायचं नाही. प्राण्याला हात लावायचा नाही. देवमासा शंभर मीटरच्या आत आला की इंजिन बंद. तो स्वतः लांब गेल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. आणि दिसेलच अशी खात्री नाही."

"खात्री यांनी दिली आहे," सुनेत्राबाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि वही काढली.

निघालो. आधी डॉल्फिन आले. आठ-दहा असतील, शाळा सुटल्यासारखे उड्या मारत गेले. मग एक कासव दिसलं. म्हाताऱ्या माणसाने लिफ्टमधून डोकं काढून "वर जातेय की खाली?" विचारावं, तसं त्याने डोकं काढलं, आम्हाला बघितलं आणि परत आत गेलं. उडणारे मासे उडाले. मी प्रत्येकाला हात केला.

"यांच्याशीही ओळख आहे का?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"डॉल्फिनांशी नाही. ती पोरं कुणाचं ऐकत नाहीत. कासवाशी आहे थोडी, पण ते लक्षात ठेवत नाही."

सुनेत्राबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ मारायची पद्धत बघूनच मला पाचवीतला नापासाचा निकाल आठवला.

साडेआठ झाले. नऊ झाले. माधवराव एका कोपऱ्यात हिरवे पडत चालले होते. व्यंकटेशने बोट किनाऱ्याकडे वळवली. अथर्व लावण्याच्या शेजारी बसला होता, दोघंही समुद्राकडे बघत होते. समुद्रात काहीच नव्हतं, तरी टक लावून बघत होते. लावण्याने हळूच माझा हात धरला. "आजी, अजूनही वेळ आहे. चुकलं म्हण. त्या वाईट नाहीत गं."

आणि मी म्हणणार होते हो! देवाशपथ म्हणणार होते. पण रिकाम्या पोटी कबुलीजबाब कसा द्यायचा? म्हणून आधी दहीभाताचा डबा काढला. माझा स्टीलचा डबा, पन्नास वर्षांचा. झाकणावर नाव कोरलेलं: अ. रा., वेलचेरी. आमच्याकडे चमच्यावरही नाव कोरतात, नाहीतर लग्नकार्यात भांडी दुसऱ्याच्या घरी नांदायला जातात. तर डबा काढला, बोट हलली, दोरीने बांधलेली मी एका अंगावर कलंडले, आणि डबा हातातून सुटून गेला समुद्रात.

"पाटी!" जननी ओरडली. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. "समुद्रात काही टाकायचं नाही म्हटलं ना!"

"टाकला नाही गं, पडला! झाकण घट्ट आहे, तरंगतोय बघ!"

जननी जाळं घेऊन वाकली. डबा तरंगत तरंगत लांब गेला. आणि मग, बघा हं, डबा वर उचलला गेला. आधी एक वीत. मग एक हात. मग डब्याखाली एक काळं, ओलं, चकचकीत काहीतरी आलं, आणि ते येतच राहिलं. वेलचेरी स्टेशनात गाडी शिरते तशी ती पाण्यातून वर शिरली. डोक्यावर माझा डबा, सरळ उभा, जरासुद्धा न कलंडता.

व्यंकटेशने इंजिन बंद केलं. जननीने इंग्रजीत त्या जातीचं नाव सांगितलं, ते मला बिस्किटाच्या पुड्यासारखं वाटलं. देवमासाच. पंचेचाळीस फूट. ती सरळ बोटीपाशी आली, झाकणावरचं नाव वाचलं की काय देव जाणे, पण डोकं बरोबर माझ्याच बाजूला झुकवलं. मी डबा घेतला.

उघडला. दहीभात स्वच्छ संपवलेला. आणि आत समुद्राचं पाणी घालून दोन चिमुकले चंदेरी मासे सोडलेले, जिवंत.

"बघितलंत?" मी सुनेत्राबाईंना म्हटलं. "डबा रिकामा परत करत नाही ती. कुणाच्या घरची आहे बघा."

आम्ही पडलो शाकाहारी. पण दिलेलं नाकारायचं कसं? मी डबा कपाळाला लावला. अथर्व त्या माशांकडे जरा जास्तच प्रेमाने बघत होता, म्हणून मी ते पटकन पाण्यात सोडले. देवमाशाने नाकातून एक फवारा मारला आणि आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. वास असा, की कोळीवाड्यात कुणीतरी महिनाभर दात घासले नव्हते.

लावण्या आणि अथर्व नाचायला लागले. सुनेत्राबाईंनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

"देवमासा आला," त्या म्हणाल्या. "हे मी मान्य करते. पण तो तुम्हाला भेटायला आला, हे सिद्ध होत नाही. भाताला आला असेल. योगायोग."

"अहो सुनेत्राबाई, डबा आणून दिला की!"

"पोस्टमनही पत्र आणून देतो. तो काही तुमची ओळख नसतो."

हेडबाई त्या हेडबाईच. म्हटलं किनाऱ्यावर गेल्यावर बघू.

पण किनाऱ्यावर जायचं कसं? देवमासा हलेना. बोटीला बिलगून राहिली, म्हैस डबक्यात बसते तशी. अर्धा तास झाला. एक तास झाला. ती लांब गेल्याशिवाय इंजिन लावायचं नाही, हा नियम. व्यंकटेश तमिळमध्ये समजावून थकला. जननी पुस्तकाची पानं उलटत होती. "देवमासा जवळ आला तर काय करायचं ते आहे. गेलाच नाही तर काय, ते लिहिलेलं नाही."

अकरा वाजले. विमान चारचं. माधवराव आता अंजिरी झाले होते.

"आजी," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला निकालपत्रक ऐकू आलं, "तुमची ओळख आहे ना तिच्याशी? मग सांगा तिला जा म्हणून. ती तुमच्या सांगण्यावरून गेली, तर मी योगायोग म्हणणार नाही. पूरसुद्धा खरा, सहा घासही खरे. नाही गेली, तर मात्र आपलं ठरलंय ते."

झालं. सगळं लग्न आता त्या माशाच्या बुडावर येऊन बसलं.

मी वाकले. म्हटलं, "सेरि कण्णा, बरंय बाळा आता. भेट झाली. घरी वाट बघत असतील." ती हलली नाही. एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. हा डोळा माझ्या ओळखीचा होता. कुठे बघितलाय, कुठे बघितलाय... आणि एकदम आठवलं. आमच्या शेजारच्या तुळसीमामी! काम झालं, कॉफी झाली, गप्पा संपल्या, तरी दारात उभ्या राहतात. जात नाहीत, सांगतही नाहीत. का? कारण हळदीकुंकू दिलेलं नसतं. आमच्याकडे कुठलीही बाई घरातून तशीच जात नाही. कुंकू, दोन विड्याची पानं, सुपारी, जमलं तर ब्लाउजपीस. ते हातात पडेपर्यंत बाई दारात उभी. चांगल्या वळणाची असेल तर तासन् तास.

"तिला हळदीकुंकू दिलं नाही आपण!" मी ओरडले. "कशी जाईल?"

"काय?" सगळे एकदम म्हणाले. माधवराव सोडून.

माझ्या पिशवीत सगळं असतं. करंडा, पानं, सुपारी. बाहेर पडताना मी चप्पल विसरेन, करंडा विसरणार नाही. पण तो काढला आणि माझा हात थांबला. आमचे हे गेल्यापासून मी कुणाला कुंकू लावत नाही. मला काही वाटत नाही हो, पण समोरचीचा चेहरा बघावा लागतो. पहिल्यांदा एकीचा बघितला, तेव्हापासून करंडा दुसरीच्या हातात देते.

"लावण्याचं लग्न व्हायचंय, जननीचंही," मी म्हटलं. "बोटीत सुवासिनी एकच आहे."

सुनेत्राबाईंनी मागे वळून बघितलं. मागे समुद्र होता.

"मी? माशाला कुंकू?"

"तीही बाईमाणूसच."

"तिचं लग्न झालंय हे कशावरून?"

"या वयात? पंचेचाळीस फूट झाली ती! घरचे गप्प बसले असतील का?"

"पाटी, हात लावायचा नाही!" जननी पुस्तक नाचवत म्हणाली.

"कुठे लिहिलंय हळदीकुंकू करायचं नाही म्हणून? दाखव."

जननीने खरंच शोधलं. नव्हतं.

सुनेत्राबाईंनी करंडा घेतला. मी पिशवीत हात घालून पानं काढली, सुपारी काढली, आणि रीतीप्रमाणे हाताला लागला तो ब्लाउजपीस काढून पानांवर ठेवला.

अंजिरी रंग. बारीक जरीचा काठ.

सुनेत्राबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी सुनेत्राबाईंकडे. देवमासा आम्हा दोघींकडे.

"हा मी दिलेला," त्या म्हणाल्या.

आता काय सांगू? आमच्या घरात हळदीकुंकवाला आलेले ब्लाउजपीस एकाच पिशवीत जातात, आणि त्याच पिशवीतून पुढच्या बाईकडे जातात. शिंप्याकडे कुणी जात नाही. काही काही तर चेन्नईत माझ्यापेक्षा जास्त फिरलेत. सवयीने हात गेला.

"शिंप्याकडे टाकते म्हणालात. पोंगलला घालणार म्हणालात." सुनेत्राबाईंचा आवाज अगदी शांत होता. "देवमाशाचं सोडा, आजी. साध्या सव्वा हात कापडाबद्दलसुद्धा तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात. अथर्व, किनाऱ्यावर गेलो की आपण निघू."

"आई..." अथर्व म्हणाला.

लावण्या माझ्याकडे पाठ करून बसली. ते जास्त वाईट होतं. मी घाईघाईने तो परत पिशवीत कोंबायला गेले.

तेवढ्यात वारा आला. ब्लाउजपीसची घडी उलगडली. आतून एक छोटी छापील चिठ्ठी पडली, ती थेट माधवरावांच्या मांडीवर. माधवरावांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि साताऱ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"'चि. मल्हारच्या मुंजीनिमित्त, सौ. क्षमाकडून सप्रेम,'" त्यांनी वाचलं. मग जरा विचार करून म्हणाले, "सुनेत्रा, हा आपल्याला शेजारच्या क्षमाकडून आला होता. आणि मला वाटतं, क्षमाला तो आधी आपणच दिला होता. वास्तुशांतीला. काठावरचा हा चहाचा डाग माझा आहे."

देवमाशानेसुद्धा श्वास रोखून धरला.

"पेठेत तासभर," मी हळूच म्हटलं.

सुनेत्राबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, मग माधवरावांच्या जवळपास पोचला.

"पेठेत गेले होते," त्या म्हणाल्या. "पण कोथिंबिरीला."

आणि ही तीस वर्षांची हेडबाई अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की व्यंकटेशला वाटलं यांनाही बोट लागली. तो लिंबू घेऊन धावला.

हसून झाल्यावर त्यांनी पदर खोचला. "अहो, माझ्या जाकिटाचा पट्टा धरा मागून." माधवरावांनी धरला. सुनेत्राबाई कठड्यावरून वाकल्या, बोटावर कुंकू घेऊन. जननी म्हणाली, "हात लावायचा नाही, हात लावायचा नाही." आणि कुणी लावला नाही हं. सुनेत्राबाईंनी नुसतं बोट धरलं होतं. कपाळ त्या देवमाशाने लावलं. हळूच वर आली आणि टेकवलं. पंचेचाळीस फुटी बाईला एवढीशी टिकली, म्हणून सुनेत्राबाईंनी करंडा संपेपर्यंत लावलं, चांगलं ताटाएवढं. विड्याची पानं दाखवली, ती तिने तोंडात घेतली. ब्लाउजपीस समुद्रात टाकायला जननीने साफ मनाई केली, म्हणून देवाला नैवेद्य दाखवतो तसा नुसता दाखवला.

"या हं परत," सुनेत्राबाई तिला म्हणाल्या.

आणि ती गेली. शेपटी वर काढून, सावकाश, कपाळावर ताटाएवढं कुंकू घेऊन पूर्वेकडे निघून गेली. जननीने पुस्तक मिटलं. "पाटी, मी काही बघितलं नाही," ती म्हणाली. पण तिच्या तक्त्यात 'वर्तन' म्हणून एक रकाना होता, त्यात तिने काय लिहिलं ते मी वाचलं. 'सभ्य.'

सुनेत्राबाई वळल्या. बोटाला थोडं कुंकू राहिलं होतं. त्यांनी ते माझ्या कपाळाला लावलं, मला विचारलंसुद्धा नाही. मी त्यांचा चेहरा बघितला. बघण्यासारखाच होता.

"माशाला चालतं, तर तुम्हाला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "व्यंकटेश, चला. मला चारचं विमान चुकवायचंय. सुपारी फोडायची आहे."

इंजिन सुरू झालं. लावण्या आणि अथर्व बोटीच्या टोकाला जाऊन बसले, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. म्हातारपणी एवढी एक सोय असते.

"पण विहीणबाई," सुनेत्राबाई म्हणाल्या. हो, विहीणबाईच म्हणाल्या, व्यंकटेशला विचारा. "माझी एक अट आहे. ही गोष्ट तुम्ही सगळ्या चेन्नईला सांगणार, ते मला दिसतंय. सांगा. पण सुरुवातीला शपथ घ्यायची. आणि जे खोटं असेल ते शेवटी कबूल करायचं."

"सगळं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. हेडबाईच त्या, कुठल्या मुलाकडून किती अपेक्षा ठेवायची ते त्यांना कळतं.

"निदान एक," त्या म्हणाल्या.

लग्न मे महिन्यात झालं. तो ब्लाउजपीस मी शिवून घेतला, कुणाच्या हाती लागायच्या आधी. बाह्यांना कापड पुरलं नाही, चहाचा डाग पाठीवर आला, पण लग्नात तोच घातला.

तर आता अटीप्रमाणे. ते दोन चंदेरी मासे मी रचले. डबा रिकामाच परत आला होता, धुतलेलासुद्धा नव्हता. समुद्रात वाढलेली पोर, तिला कोण सांगणार रिकामा डबा देऊ नये म्हणून? पण लग्नघरातली गोष्ट आहे. चार लोकांत तिच्या माहेराला नावं ठेवली जायला नकोत, म्हणून मी माझ्याकडचे दोन घातले.